ब्लेझर वाढले, सामने घटले

लातूरला स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी अधूनमधून उसळी घेते. निवेदने दिली जातात, फोटो छापून येतात, मग आज लातूर ज्या विद्यापीठाखाली आहे त्या नांदेडहून त्याला उत्तर येते. कुलगुरूंचे कार्यालय कुठे असावे, परीक्षा विभाग कुठे असावा, नवी पदे किती निघतील, यावर तावातावाने बोलले जाते. कुणाची लेकरे कुणाशी खेळणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. मी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात कनिष्ठ महाविद्यालयात खेळ शिकवते आणि माझ्या काळात खो-खो खेळलेली आहे, म्हणून मला हाच प्रश्न आधी दिसतो. विद्यापीठाची हद्द ही खेळाडूची गटवारी असते. हद्द सरकली की समोरचा संघ बदलतो, आणि समोरचा संघ बदलला की आपला खेळही बदलतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. लातूर विद्यापीठाला माझा विरोध नाही. पण ते करायचेच असेल तर धाराशिवला (पूर्वीच्या उस्मानाबादला) सोबत घेऊन करा. आणि ते होवो न होवो, शेजारच्या महाविद्यालयांशी दरवर्षी सामने होतील अशी सोय आजच करा.

निलंग्याला हद्दीचा खेळ नवा नाही. गाव आहे तिथेच आहे, भोवतीच्या रेषा तेवढ्या फिरत राहिल्या. १९५६ पर्यंत आम्ही बीदर जिल्ह्यात होतो. भालकी-हुमनाबाद आमचेच, आणि पदवी घ्यायची तर हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके बीदरपासून सुटले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला, तेव्हा आम्ही लातूरचे झालो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त धरून, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. नांदेड, परभणी, लातूर (आणि पुढे परभणीतून वेगळा झालेला हिंगोली) हे जिल्हे तिकडे गेले. उस्मानाबाद, बीड, जालना औरंगाबादकडेच राहिले.

या शेवटच्या रेषेच्या वेळी मी कॉलेजात होते. पहिल्या वर्षाला असताना ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या तालुक्यातलीही गावे पडली, मैदानांवर तंबू आणि पत्र्याची शेड उभी राहिली. त्याच शैक्षणिक वर्षात संक्रांतीला, १४ जानेवारी १९९४ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. सोळा वर्षे चाललेला नामांतराचा लढा, त्यात झालेल्या हत्या आणि जाळपोळ आमच्या घरांतून सगळ्यांना ठाऊक होती. पुढच्या वर्षी तर विद्यापीठच बदलले.

आमच्या खो-खोच्या संघाला त्याचा पहिला फायदा लगेच कळला. आधी विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची तर अख्ख्या मराठवाड्यातल्या मुलींशी टक्कर होती. निवडीत उस्मानाबाद आणि औरंगाबादच्या मुली भरल्या की आमच्यासारख्यांना राखीवमध्येही नाव लागत नसे. नांदेड वेगळे झाले आणि जागा एकदम दुप्पट झाल्या. एका विद्यापीठाचे दोन संघ झाले, दोन्ही पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊ लागले. खेड्यातल्या मुलीच्या घरात विद्यापीठाचा ब्लेझर आला की तिचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलले जाते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ‘कलर होल्डर’ (विद्यापीठाच्या संघातून खेळलेला) हा शिक्का नोकरीच्या अर्जावर मोलाचा असतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे आहे यावर पोटापाण्याचे ठरते. म्हणून विद्यापीठ फुटले ते वाईटच झाले, असे मी म्हणणार नाही. फुटल्यामुळे अनेक पोरी पुढे आल्या.

गेले ते दुसरेच. आमची खरी ईर्ष्या होती उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उमरग्याशी. निलंग्याहून उमरगा तासा-सव्वा तासाचा रस्ता; आठवडी बाजार, सोयरिकी, जत्रा सगळे एकमेकांत गुंतलेले. त्यांच्या संघात एक उंच, सडपातळ मुलगी होती. एकेरी साखळीत शिरली की ती हलके हलके, जणू मोजून पावले टाकत पळे, आणि आमच्या पाठलाग करणाऱ्या मुली तिच्या तालावर नाचू लागत. ती बाद झाली तर सामना आपला, नाही तर गेला, एवढे सरळ गणित होते. आमच्या सरांनी तिच्यासाठी म्हणून आम्हाला उशिरा खो द्यायला शिकवले: हात पाठीवर न्यायचा, पण लगेच द्यायचा नाही, अर्धे पाऊल थांबायचे. तिचा ताल तेवढ्यावर मोडायचा. महिनाभर संध्याकाळी आम्ही फक्त ते अर्धे पाऊल घोटले. आज मी मुलींना जो उशिरा खो शिकवते तो कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, तो त्या मुलीमुळे आला आहे. तगडा शेजारी असा फुकटात शिकवतो.

नांदेड विद्यापीठ झाले आणि उमरगा आमच्या गटातून गेले. त्यांची महाविद्यालये संभाजीनगरकडे (तेव्हाच्या औरंगाबादकडे), आमची नांदेडकडे. आता आमच्या मुली किनवट-माहूरच्या संघाशी एका विद्यापीठात आहेत; तिथे सामना पडला तर मुक्काम करावा लागतो. उमरग्याला सकाळी जाऊन सामना खेळून संध्याकाळी घरी परतता येते, पण तिथे सामनाच नाही.

यातली विसंगती शालेय स्पर्धांमुळे जास्त टोचते. बारावीपर्यंत आमची मुलगी लातूर विभागातून खेळते आणि त्या विभागात धाराशिव आहे. धाराशिव म्हणजे मराठवाड्यातली खो-खोची पंढरी. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार सारिका काळे त्याच जिल्ह्यातली. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. विभागीय स्पर्धेत धाराशिवच्या मुली आम्हाला हरवतात, सपाटून हरवतात, आणि दरवर्षी त्यातून काहीतरी शिकवून जातात. मग मुलगी अठरा वर्षांची होते, बी.ए.ला जाते आणि जिच्याशी झुंजून ती घडली ती प्रतिस्पर्धी गायब होते. ज्या वयात खेळ पक्का व्हायचा त्याच वयात आम्ही तिचा सर्वात चांगला आरसा काढून घेतो. अश्वमेध या राज्य महोत्सवात किंवा पश्चिम विभागात नांदेड आणि संभाजीनगर समोरासमोर येतात, हे खरे. पण तिथे जाते विद्यापीठाने निवडलेली डझनभर नावे. निलंग्याचे कॉलेज आणि उमरग्याचे कॉलेज कुठेच भेटत नाही. दक्षिणेला तर त्याहून मजा. औराद शहाजानी ओलांडले की कर्नाटक लागते. तिथल्या कॉलेजातला मुलगा दक्षिण विभागात, आमचा पश्चिम विभागात. एकाच नदीकाठचे दोघे, पण एक चेन्नईकडच्या संघांशी खेळतो आणि दुसरा गुजरात-राजस्थानच्या.

हे खूळ फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. टीव्हीच्या हक्कांचा पैसा जिथे जास्त तिथे विद्यापीठे उड्या मारू लागली आणि २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचा ‘पॅक-१२’ हा जुना गट जवळजवळ रिकामा झाला. कॅलिफोर्नियातले स्टॅनफर्ड आता ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात खेळते. म्हणजे समुद्र एक, नाव दुसऱ्याच समुद्राचे. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठे शंभरहून अधिक वर्षे एकमेकांशी फुटबॉल खेळत होती. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांचा सामना झाला आणि मग एक विद्यापीठ दुसऱ्या गटात गेल्याने दरवर्षीची ती लढत थांबली. तिकडे निदान पैसा तरी मिळाला. आपल्याकडे खो-खोच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला कॅमेरा सोडा, कधीकधी पाण्याचा जारही नसतो. मग रेषा ओढल्या कशासाठी?

रेषा ओढल्या त्या मानपानासाठी. लातूर आणि नांदेड यांची चढाओढ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९८६ मध्ये आमच्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील मुख्यमंत्रिपदावरून गेले आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. २००८ मध्ये लातूरचे विलासराव देशमुख गेले आणि नांदेडचे अशोक चव्हाण आले. दोनदा खुर्ची लातूर जिल्ह्यातून उठून नांदेडात गेली, आणि प्रत्येक कार्यालयाच्या वाटणीत ही सल उमटत राहिली. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचे ठरले तेव्हा लातुरात आंदोलने पेटली. विद्यापीठाची मागणीही याच रांगेत उभी आहे: तुमच्याकडे आहे, तर आमच्याकडे का नाही? सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्याचे विद्यापीठ मिळाले, २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले, मग लातूरने काय पाप केले, हा प्रश्न चुकीचाही नाही. पण ईर्ष्या कार्यालयांसाठी चालते आणि खेळासाठी संपते, हे मला खटकते. लातूर-नांदेडची ईर्ष्या असायलाच हवी, फक्त ती चुन्याने आखलेल्या मैदानात असू द्या.

हेच राजकारण खाली, महाविद्यालयांच्या पातळीवरही झिरपते. आपल्या भागातली बहुतेक मोठी महाविद्यालये कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या संस्थेची आहेत. सर्वसाधारण विजेतेपदासाठी गुण मिळवायचे म्हणून तालुक्यातला चांगला खेळाडू फी माफ करून, वसतिगृहात जागा देऊन शहरात उचलून नेतात. एका वर्षी आमच्याकडे घडलेल्या दोन मुली अंतिम सामन्यात आमच्याच विरुद्ध उभ्या होत्या. त्यांचे मला वाईट वाटले नाही. त्यांना चांगले मैदान मिळाले. वाईट वाटले ते निवड समितीचे. यजमान संस्थेच्या मुली संघात जरा जास्तच दिसल्या, आणि विचारायला गेल्यावर ‘मॅडम, पुढच्या वर्षी यजमानपद तुम्ही घ्या’ असे उत्तर मिळाले. गट जितका लहान, तितके असे हिशोब सोपे होतात. म्हणून उद्या एकट्या लातूर जिल्ह्याचे विद्यापीठ झाले तर मला भीती वाटते ती हीच: चार-पाच मोठ्या संस्था आपसात ब्लेझर वाटून घेतील आणि खेळ घटत जाईल.

लातूर-धाराशिव मिळून विद्यापीठ झाले तर मात्र चित्र पालटेल. शालेय विभाग आणि विद्यापीठ यांची हद्द बरीचशी जुळेल. दहावी-बारावीचे लातूर मंडळ नांदेड, लातूर आणि धाराशिवला एकत्र बांधतेच आहे. लातूर आणि धाराशिव हे जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचेच दोन तुकडे आहेत. रस्ते, बाजार, नाती सगळी तशीच आहेत. धाराशिवचा खो-खो आणि लातूरच्या सुविधा एका संघात आल्या तर पश्चिम विभागात त्यांना कुणी हलक्यात घेणार नाही.

यावर एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो: विद्यापीठ शिकण्यासाठी असते, खो-खोसाठी त्याच्या हद्दी ठरवायच्या काय? नका ठरवू. निदान हद्द ठरवणाऱ्या समितीत क्रीडा विभागाचा एक माणूस बसवा. आणि तोवर जे कायदा न बदलता होते ते करा. नांदेड आणि संभाजीनगर या दोन विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी ठरवले तर दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत दोन्हींकडच्या विजेत्या आणि उपविजेत्या महाविद्यालयांची चार दिवसांची साखळी घेता येईल. सोलापूरला बोलवा, बीदर-भालकीच्या महाविद्यालयांना निमंत्रण द्या. सुरुवातीला खो-खो, कबड्डी आणि कुस्ती एवढेच पुरे. खर्च मुलांकडून घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कातून निघावा, त्यासाठीच ते घेतात.

कुस्तीचे उदाहरण तर आमच्या दारातच आहे. रामलिंग मुदगड हे आमच्या तालुक्यातले गाव. तिथले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता आणि नांदेड विद्यापीठही नव्हते. त्यांना घडवायला कोल्हापूरची तालीम पुढे आली, जोड कधी कर्नाटकचा, कधी पंजाबचा आला. जत्रेच्या फडात पैलवानाला तू कोणत्या विद्यापीठाचा असे कुणी विचारत नाही. जोड तोलाचा आहे का, एवढेच पाहतात. शंभर वर्षे चाललेला हा शहाणपणा विद्यापीठांना जमत नसेल तर दोष मैदानाचा नाही.

पहिली साखळी कुठे घ्यायची यावरही लातूर-नांदेडात वाद होईल, हे मला माहीत आहे. तो वाद नको म्हणून सांगते, निलंग्यात घ्या. मैदान आम्ही आखू, मुलींच्या राहण्याची सोय गावात करू, पंच मात्र बाहेरचे आणा. आणि उमरग्याला पहिला सामना आमच्याशीच द्या. तीस वर्षांची बाकी आहे.