पत्र खिशातले

शेअरबाजार हा विषय एके काळी आपल्या मराठी घरांत दबक्या आवाजात निघे. आज तो मुलांच्या हातातील मोबाईलवर येऊन बसला आहे.

माझ्या लहानपणी मंचेरियलहून शेअर घ्यायचे म्हणजे वडील हैदराबादच्या दलालास पत्र घालीत. तेथील शेअरबाजार १९४३ साली स्थापन झालेला. रिंगणात ओरडून सौदे होत. आपल्याला काय भाव पडला, हे आम्हांस दलालाच्या चिठ्ठीवरूनच कळे. पुढे सर्टिफिकेट हस्तांतरणासाठी कंपनीकडे जाई आणि कधी ‘सही जुळत नाही’ असा शेरा घेऊन परत येई. बनावट सर्टिफिकेटांचे भय होते ते वेगळेच.

१९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजारात व पुढील वर्षी मुंबईच्या बाजारात संगणकाच्या पडद्यावर सौदे होऊ लागले. १९९६ च्या कायद्याने डीमॅट खाती आली, २००० पासून इंटरनेटवरून खरेदी-विक्रीची सोय झाली. हैदराबादच्या बाजाराची मान्यता २००७ मध्ये संपली. आता मुंबईकराला दिसतो तोच भाव मंचेरियलकराला दिसतो आणि शेअर दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी खात्यात जमा होतात. आडगावच्या माणसाला हा न्यायच मिळाला, असे मी म्हणेन.

परंतु गेल्या दिवाळीत एक माजी विद्यार्थी घरी आला आणि मान खाली घालून बसला. कोळसाखाणीतून निवृत्त झालेल्या वडिलांची पुंजी त्याने ‘ऑप्शन्स’मध्ये, म्हणजे उद्याच्या भावावर लावलेल्या डावात, चार महिन्यांत घालविली होती. प्रथम नफा झाला. मग तोटा भरून काढण्यासाठी दिवसातून दहा-दहा सौदे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव तोट्यात गेल्या.

“वडिलांना सांगितलेस का?”

“नाही, सर.”

त्याच संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. त्या घरातील शांतता अजून आठवते.

वडील दलालाला लिहिलेले पत्र रात्रभर खिशात ठेवीत व सकाळी पुन्हा वाचून मगच पेटीत टाकीत. कित्येक पत्रे पेटीपर्यंत पोहोचलीच नाहीत. जुन्या पद्धतीत गैरसोय पुष्कळ होती, पण तिच्यात ही एक रात्र आपोआप मिळत असे. नव्या पद्धतीत ती आपली आपणच राखावयास हवी. शेअर घेण्यापूर्वी कारण वहीत लिहावे, घरात सांगावे आणि बटण दुसऱ्या दिवशी दाबावे. जे घरात सांगता येत नाही, ते घेऊच नये.