नाक हरवलेला पहिलवान

प्राथमिक शाळेत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सर्वांनीच लिहिलेला आहे. 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय व एक शेपूट असते,' अशी त्याची सुरुवात, आणि 'म्हणून मला कुत्रा फार आवडतो' हा त्याचा शेवट. मधल्या दहा ओळींत एक प्रश्न मात्र कधीच येत नसे : माणूस कुत्र्याशी कितपत इमानी आहे? मला तो पडला गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, मामांच्या इमारतीच्या जिन्यात.

मामांकडे बुलडॉग आला तो माझ्या हट्टामुळे. शिक्षणासाठी मी त्यांच्याकडे पुण्यात राहत होतो. मामांना साधा गावठी कुत्राही चालला असता. पण मी व माझ्या मामेभावाने मोबाईलवर फोटो दाखवून दाखवून त्यांना बुलडॉगच घ्यायला लावला. चपटे तोंड, लोंबणारे गाल, पहिलवानासारखी रुंद छाती. नाव ठेवले सरदार. सरदार झोपेत एवढा घोरायचा की आम्ही पोट धरून हसायचो. त्या दिवशी ऊन पुरते उतरण्यापूर्वीच मी त्याला फिरवायला नेले. परतताना वीज गेलेली, म्हणून जिन्याने निघालो. दुसऱ्या मजल्यावर तो बसला. जीभ निळसर पडली होती. डॉक्टरांकडे नेईपर्यंत सारे संपले होते. डॉक्टर एवढेच म्हणाले, "अरे, घोरत होता तेव्हाच त्याला हवा कमी पडत होती." मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर हा कुत्रा असा का झाला, हे मी वाचू लागलो. इतिहास हा माझा विषय. राजेमहाराजांचा इतिहास असतो तसा कुत्र्याच्या नाकालाही इतिहास असतो, हे तेव्हा कळले.

बुलडॉग या नावातच त्याचा धंदा आहे. 'बुल' म्हणजे वळू. इंग्लंडमध्ये कित्येक शतके वळूला खुंट्याला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. वळू कुत्र्याला शिंगांवर घेऊन उडवू पाही आणि कुत्रा जमिनीलगत सरपटत जाऊन त्याचे नाक धरू पाही. नाकच का? बैलाला वेसण नाकातच का घालतात, हे शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्याला सांगावे लागत नाही. मारण्यापूर्वी वळू असा झुंजवला तर त्याचे मांस मऊ होते अशी समजूत होती. न झुंजवलेल्या वळूचे मांस विकले म्हणून काही गावांत खाटकाला दंडही होई. बर्मिंगहॅमच्या जुन्या बाजारपेठेला आजही 'बुल रिंग' म्हणतात. १८१७ सालचे 'क्रिब आणि रोझा' हे दोन बुलडॉगांचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यातील कुत्री उंच पायांची, चपळ अंगाची आहेत. आणि मुख्य म्हणजे त्यांना पुरेसे नाक आहे.

१८३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हा खेळ बंद केला. उत्तम झाले. पण त्यामुळे बुलडॉग बेकार झाला, आणि त्याला नवी नोकरी मिळाली ती शोभेची. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, पुढे अशा प्रदर्शनांची लाटच आली. १८७३ मध्ये केनेल क्लब व १८७५ मध्ये बुलडॉग क्लब स्थापन झाला. पूर्वी जोड लावताना मालक विचारी, 'याने काय करून दाखवले?' आता परीक्षक विचारू लागला, 'हा दिसतो कसा?' वळूचे नाक धरून ठेवताना श्वास घेता यावा म्हणून बुलडॉगचे नाक थोडे मागे असते, असे जुने लोक सांगत. प्रदर्शनवाल्यांनी ते 'थोडे मागे' पिढ्यान्‌पिढ्या आणखी मागे नेले. श्वासासाठी म्हणून वाखाणलेल्या गुणाने अखेर श्वासच कोंडला.

याची चाचणीही त्याच काळात होऊन गेली होती. १८९० च्या दशकात ऑरी आणि डॉकलीफ या दोन नामांकित बुलडॉगांची वीस मैल चालण्याची पैज लागली. ऑरी जुन्या वळणाचा, हलक्या हाडाचा. डॉकलीफ नव्या फॅशनचा, बुटका व जडशीळ. ऑरीने वीस मैल पुरे केले. डॉकलीफ वाटेतच कोसळला. आता सांगा, पुढच्या पिढ्या कोणाच्या वळणावर गेल्या? डॉकलीफच्या! पैज हरलेल्याने प्रदर्शन जिंकले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, यापेक्षा वेगळे ते काय?

जुना कामकरी बुलडॉग मात्र समूळ नाहीसा झाला नाही. इंग्लंडमधून गेलेल्या वसाहतवाल्यांबरोबर तो अमेरिकेच्या दक्षिण भागात पोहोचला होता. तेथे गुरे व डुकरे मोकळ्या रानात चरत आणि हळूहळू रानटी होत. त्यांना आवरायला शेतकऱ्याला पकड घेणारा कुत्रा लागे. कुत्र्याने जनावराचा कान वा नाक धरून ठेवायचे आणि मालकाने धावत येऊन दोर टाकायचा. स्क्रूवर्म माशीच्या अळ्या जखमेत पडून गुरे दगावत. त्या जखमेला औषध लावायचे तर आधी जनावर हाती लागले पाहिजे. असे काम करणाऱ्या कुत्र्याला धावता आले पाहिजे, उन्हात तग धरता आला पाहिजे आणि मालकाने हाक मारताच पकड सोडता आली पाहिजे. धाप लागणारा कुत्रा डुकराच्या सुळ्याखाली मरे आणि सांगितलेले न ऐकणारा मालकाच्या उपयोगाचा नसे. त्याची वंशावळ कागदावर नव्हती; ती कामावर होती.

पुढे हेही काम सरले. फ्लोरिडात १९४९ च्या कायद्याने गुरे कुंपणात आली. १९५९ च्या सुमारास त्या भागातून स्क्रूवर्मचे उच्चाटन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कुत्रा अगदी दुर्मिळ झाला होता. तेव्हा जॉर्जियातील जॉन डी. जॉन्सन व त्यांचे सहकारी अॅलन स्कॉट यांनी दक्षिणेतील शेतांवरून उरलीसुरली कुत्री गोळा करून पैदास सुरू केली. १९७० मध्ये त्यांची नोंदणी सुरू झाली आणि पुढे 'अमेरिकन बुलडॉग' हे नाव रूढ झाले. १९९९ साली युनायटेड केनेल क्लबने या जातीस मान्यता दिली.

पण पाहा, माणसाचा स्वभाव कसा असतो! या दोघांचेही मार्ग वेगळे झाले. जॉन्सन यांनी इंग्लिश बुलडॉगचे रक्त मिसळून भारी अंगाचा, आखूड तोंडाचा कुत्रा घडवला. स्कॉट यांच्या वळणाचा कुत्रा हलका, लांब तोंडाचा, धावणारा राहिला. इंग्लंडातला ऑरी-डॉकलीफ सामना अमेरिकेत पुन्हा उभा राहिला. त्याच सुमारास, १९७१ साली, पेनसिल्व्हेनियातील डेव्हिड लेव्हिट यांनी उलट वाट धरली. गुरांसाठी आखलेली पैदास-पद्धत वापरून त्यांनी इंग्लिश बुलडॉगच्या रक्तात बुलमास्टिफ, पिट बुल टेरियर आणि अमेरिकन बुलडॉग यांचे रक्त आणले, ते जुन्या घडणीचा पण शांत स्वभावाचा कुत्रा पुन्हा मिळावा म्हणून. माणसाने बिघडवलेले माणूस काही अंशी सुधारू शकतो, एवढे त्यावरून दिसते.

येथे कोणी विचारील, 'म्हणजे तुम्हाला वळूच्या झुंजी परत हव्या आहेत काय?' मुळीच नाही. ते काम क्रूर होते व ते गेले हे मानवजातीचे भाग्य. शिवाय कामकरी कुत्रा म्हणजे सर्वगुणसंपन्न असेही नव्हे. मूठभर कुत्र्यांपासून जात वाढली की दोषही वाढतात. अमेरिकन बुलडॉगमध्ये मज्जासंस्थेचा एक जीवघेणा आनुवंशिक विकार आढळतो. पिल्लू गोंडस दिसते, पण वर्ष-दोन वर्षांत मागचे पाय लटपटू लागतात. याला कारण असलेला जनुकीय दोष २००६ साली सापडला. दोष बाळगणारे पण स्वतः निरोगी दिसणारे नर-मादी एकत्र आले तर दर पिल्लामागे आजाराची शक्यता चारांत एक. आता चाचणी करून अशी जोड टाळता येते. म्हणजे येथे अडचण ज्ञानाची नाही, दानतीची आहे.

माझे म्हणणे एवढेच, की काम गेले तरी कामाची कसोटी जायला नको होती. मैलभर चालणे, उन्हाळ्यात सुखाने श्वास घेणे, मादीने आपली पिल्ले आपण प्रसवणे, एवढी किमान कसोटी तरी उरावी. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापेवाटे अंग थंड करतो. नाकच दाबून टाकले की त्याचा पंखाच बंद पडला. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉगच्या शंभरांपैकी ८६ विणी शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. जी जात डॉक्टरच्या सुरीवाचून जन्मास येत नाही, तिला आपण 'शुद्ध' म्हणतो!

हे सारे साता समुद्रापलीकडचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि चपट्या नाकाची हौस आपल्याकडे घरोघर पोहोचली. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या एका पत्राने तेवीस 'हिंस्र' जातींवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली. त्यात अमेरिकन बुलडॉगही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. मला या साऱ्यात गंमत वाटते ती ही, की चावण्याच्या भीतीने आपण जातींची यादी करतो. पण ज्याला धड श्वास घेता येत नाही अशा कुत्र्याची पैदास हा गुन्हा आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. चावणारा कुत्रा आपल्याला दुखवतो म्हणून त्याची बातमी होते. गुदमरणारा कुत्रा निमूटपणे मरतो.

मित्रहो, दोष केवळ पैदास करणाऱ्यावर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही. तो बाजारात जे खपते तेच विकतो. मागणी माझी होती. फोटो मी दाखवले होते. सरदार घोरत असताना हसणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा तुमच्यापैकी कोणाच्या घरी कुत्रा आणण्याचा बेत असेल, तर त्याचा कागद पाहण्यापूर्वी त्याच्या आईबापांना चार पावले चालताना पाहा आणि तोंडाजवळ कान नेऊन त्यांचा श्वास ऐका. तो ऐकू येत असेल तर पिल्लू न घेता परत या.

मामांच्या घरी आता एक गावठी कुत्री आहे. तिच्या छातीत पहिलवानी नाही आणि तिचे फोटो काढायला कोणी थांबत नाही. पण झोपलेली असताना तिचा आवाज येत नाही. रात्री अभ्यास करताना ती शांतता ऐकली की बरे वाटते, आणि वाईटही.

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)