सही करण्याआधी, बहिणींनो

वडिलांचा इंतकाल होऊन महिना-दीड महिना होतो, पाहुण्यांची ये-जा थांबते आणि एक दिवस भावाचा फोन येतो, "बाजी, परवा तालुक्याला यावं लागेल. घराच्या कागदावर तुझी एक सही हवी." बहीण जाते. कागद मराठीत असतो, तिचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले असते. वाचून दाखवायला कोणाला सवड नसते. सही होते, अंगठा लागतो, चहा पिऊन ती सासरी परतते. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. वडिलांच्या घरातला तिचा हिस्सा त्या एका सहीने संपलेला असतो.

भाऊ लबाडच असतो असे आम्हाला म्हणायचे नाही. पुष्कळ घरांत "असंच करतात" म्हणून हे चालत आले आहे. म्हणूनच या महिन्यात सहीआधी काय माहीत असावे आणि अडल्यास कोणाकडे जावे, ते पाहू.

हिस्सा कोणी ठरवला?

सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. मालमत्ता थोडी असो वा जास्त, वाटा आहेच. देशाच्या कायद्यातही १९३७ च्या शरियत कायद्याने मुस्लिमांच्या वारशाला हेच नियम लागू केले. म्हणजे मुलीचा हिस्सा ही भावाची मेहेरबानी नाही. वडील हयात असेपर्यंत मात्र मुलाचा वा मुलीचा, कोणाचाच हक्क सुरू होत नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर सुरू होतो.

वाटणीपूर्वी कफन-दफनाचा खर्च, मय्यतीवरचे कर्ज आणि पत्नीची बाकी राहिलेली मेहेर द्यायची. मेहेर हेही कर्जच आहे, हे आपण फार लवकर विसरतो. वसीयत असेल तर ती उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत. त्यानंतर वारसांचे हिस्से.

वर्गात अपूर्णांक शिकवताना करतो तसे एक गणित करू. वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे; आजी-आजोबा आधीच वारलेले आहेत. देणी फेडून ४० लाखांची मालमत्ता उरली. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ५ लाख. उरले ३५ लाख. मुलाचे दोन भाग, मुलीचा एक, असे पाच भाग; एक भाग ७ लाखांचा. प्रत्येक मुलाला १४ लाख, मुलीला ७ लाख. आईचे ५ लाखही लक्षात ठेवा. "अम्मी आमच्याजवळच राहणार" म्हणून तिचा हिस्सा मोजायचाच राहून जातो.

"तुझ्या लग्नात खर्च झाला ना?" हा प्रश्न बहिणीला हमखास ऐकावा लागतो. लग्नाचा खर्च किंवा जहेज दिल्याने वारसाहक्क फिटत नाही. भावाच्या लग्नातही खर्च झालेला असतो. तो कोणी वजा करत नाही.

शेतजमिनीबाबत थोडी काळजी घ्यावी. १९३७ च्या कायद्याच्या शब्दांत शेतजमिनीचा अपवाद आहे. त्याचा अर्थ शेतात मुलीला काहीच नाही, असा होत नाही. पण कोणी हा मुद्दा काढलाच, तर वकिलाशी बोलल्याशिवाय मान डोलावू नका.

कागद ओळखा

वारस नोंदीचा अर्ज आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. वारस नोंदीत सगळ्या वारसांची नावे लागतात. तिथे आपले नाव आहे ना, एवढे पाहायचे. हक्कसोडपत्रात आपण आपला हिस्सा सोडतो. घर-जमिनीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवावे लागते. तिथे अधिकारी विचारतात, हा दस्त तुम्ही करून दिला हे कबूल आहे का? त्याआधीच कागद आपल्या भाषेत वाचून घ्या. समजला नसेल तर "आज सही करत नाही" एवढे म्हणायला धीर पुरे आहे. कुलमुखत्यारपत्रावर तर त्याहून जपून सही करावी, कारण त्याच्या आधाराने दुसरा माणूस तुमचा हिस्सा विकूही शकतो. आणि कोऱ्या कागदावर सही कोणी मागितली तरी नाही.

गावात सातबाऱ्यावर नाव बदलायचे असेल तर तलाठ्याकडे फेरफार नोंद होते. तिची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. आपले नाव वगळले असेल तर साध्या कागदावर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग मंडल अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतात. शहरात हेच काम नगर भूमापन कार्यालयात चालते. मुदत हुकली तरी हातपाय गाळू नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिच्याने कोणी मालक होत नाही आणि कोणाची मालकी जातही नाही. पण वर्षानुवर्षे गप्प बसणेही बरे नव्हे. पुढे तेच अंगाशी येते.

बँकेतील ठेवीवर भावाचे नाव नॉमिनी म्हणून असले, तरी तो रक्कम स्वीकारणारा असतो, एकटा मालक नसतो. ती रक्कमही वारसांची आहे.

मदत कुठे मिळेल?

"कोर्टात जायचं तर वकिलाला पैसे कुठून आणू?" इथेच बहुतेक बहिणी थांबतात. म्हणून पुढचे वाक्य नीट वाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचे वा तिच्या नवऱ्याचे उत्पन्न किती, हा प्रश्न तिथे येत नाही. मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांनाही हा हक्क आहे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते.

हे कार्यालय शोधायला मुंबईला जावे लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. आवारात कोणालाही "मोफत कायदा सल्ला कुठे मिळतो?" असे विचारा. घरून विचारायचे असेल तर १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतात. सोबत ओळखपत्र, वडिलांचा मृत्यू दाखला, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि घरपट्टीची पावती, यांतले जे हाती असेल ते न्या. सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका.

वकील घेतला म्हणजे भावावर खटलाच भरला, असेही नाही. दावा दाखल करण्याआधीच हे प्रकरण समेटासाठी ठेवण्याचा अर्ज याच कार्यालयात करता येतो. दोन्ही बाजूंना बोलावून समोरासमोर बसवतात. लोकअदालतीत समेट झाला तर त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके वजन असते आणि त्यावर अपील नसते. भाऊ हिस्सा वेगळा काढून देऊ शकत नसेल, तर त्याची किंमत हप्त्यांनी द्यायची, असेही तिथे ठरवता येते. एकाच घरात चूल असलेल्या कुटुंबांना हा मार्ग परवडतो. समेट झालाच नाही, तर वाटणीच्या दाव्याची वाट मोकळी असतेच.

हे सगळे समजून घेऊन एखादी बहीण आपला हिस्सा आनंदाने भावाला देऊ इच्छीत असेल, तर तो तिचा अधिकार आहे. फक्त आकडा माहीत असावा, कागद वाचलेला असावा आणि "माहेर तुटेल" ही भीती मनात नसावी. माहेर तुटण्याच्या भीतीने केलेल्या सहीला राजीखुशी कसे म्हणायचे?

शेवटचे दोन शब्द भावांसाठी. हे पान बहिणीने तुमच्यासमोर ठेवण्याची वाट पाहू नका. आई, बहिणी आणि तुम्ही असे एकत्र बसा, मालमत्तेची यादी करा, वर दाखवले तसे गणित मांडा. हिशेबात अडलात तर जवळच्या आलिमांना विचारा, कागदात अडलात तर विधी सेवा कार्यालयात जा. वडिलांनी मागे काय ठेवले हे सर्व वारसांना माहीत असले, तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत.