आग्रह, बेदाणा आणि बंड्या

‘बंड्याला कृपया कोणीही काहीही खायला घालू नये’ अशी सूचना या आठवड्यात कोथरूडच्या एका सोसायटीच्या फलकावर लागली आणि चारही मजले एकदमच दुखावले गेले. बंड्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा लॅब्रॉडॉर. सदरलेखक त्याच इमारतीत राहतो, हे वाचकांना आधीच्या लेखांपासून ठाऊक आहे आणि फलकावरची प्रत्येक सूचना खालच्या सहीसकट वाचायची त्याची खोडही ठाऊक आहे. या सूचनेखाली बंड्याच्या घरच्या सूनबाईंची सही होती. सासऱ्यांची नव्हती.

सूचनेचं कारण साधं होतं. जनावरांच्या डॉक्टरांकडच्या काट्यावर बंड्या ४२ किलो भरला. या जातीच्या नराचं वजन साधारण ३० ते ३६ किलो असावं. आता लॅब्रॉडॉर खादाड असतो हे जगजाहीर आहे, पण त्यात त्याचा दोष थोडा कमीच. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की जवळपास चौथा हिस्सा लॅब्रॉडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो. अशा कुत्र्यांची भूक सहजासहजी भागत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास याहून बोलका आहे. ४८ लॅब्रॉडॉरच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर दिलं. कमी खाणारे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरायला लागले.

सूचनेत यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच विचारलं, “आम्ही काय त्याला विष घालतो?”

विष नाही, पण बंड्याचा दिवस जरा पाहण्यासारखा असतो. सकाळी सासरेबुवांचा चहा होतो, तेव्हा बशीत बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्किट त्याच्या तोंडात जातं. फिरायला जाताना वॉचमन पावाचा तुकडा देतो. येताना काकूंकडची दूध-पोळी. रविवारी तिसऱ्या मजल्यावरून मटणाचं हाड येतं. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून डॉक्टर त्याला हातही लावू देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. प्रत्येक जण म्हणतो, “एवढ्याशानं काय होतंय?” हिशेब केला तर होतं असं, की नीट वजनाच्या लॅब्रॉडॉरला दिवसाला साधारण तेराशे-चौदाशे कॅलरी पुरतात आणि वरचं खाणं त्याच्या दहा टक्क्यांत बसवावं, असा पशुवैद्यांचा दंडक आहे. एका बिस्किटाच्या वीस-पंचवीस कॅलरी धरल्या, तर सहा बिस्किटांतच बंड्याचा कोटा खलास. काकूंची पोळी त्यानंतरची.

पण मराठी घराला हा हिशेब पटवणार कोण? आपल्याकडे प्रेम आग्रहानंच मोजतात. पंगतीत ‘नको’ हा शब्द ‘अजून एक वाढा’ असाच ऐकला जातो. पाहुणा निदान पानावर आडवा हात धरू शकतो. बंड्याला तीही सोय नाही. तो पाटासमोर बसून नुसता बघतो आणि त्या बघण्याला वाढणारे आपापल्या सोयीचा अर्थ लावतात.

डॉक्टरांनी सूनबाईंना एक युक्ती शिकवली, ती त्यांनी जिन्यात सगळ्यांना करून दाखवली. आपल्या हाताची मूठ वळायची आणि बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवायचा. कुत्र्याच्या फासळ्या अशा टोचल्या तर तो रोडावलाय. मग पंजा उघडून तळव्याखालची हाडं चाचपायची. फासळ्या तशा शोधाव्या लागल्या तर तो जाडावलाय. हात पालथा धरून बोटांच्या मुळाशी जेवढी हाडं लागतात, तेवढ्या फासळ्या लागल्या म्हणजे ठीक. काकूंनी बंड्याच्या कुशीवरून हात फिरवला, खूप वेळ फिरवला, आणि म्हणाल्या, “केस दाट आहेत त्याचे.”

काकूंच्या बाजूनंही बोलायला हवं. कुत्र्याला वरणभात, भाकरी घालणं अशास्त्रीय आहे, असं जे हल्ली पिशवीबंद खाद्यवाले सुचवत असतात, ते तितकंसं खरं नाही. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्यावर कुत्र्याचं पोट बदललं. स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. एकटा वरणभात त्याला पुरत नाही, प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं, पण पचतो मात्र. मांजराचं तसं नाही. ते पक्कं मांसाहारी. त्याला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला की मांजराचं हृदय पसरट होऊन थकतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी सिद्ध केलं. तेव्हा तळमजल्यावरच्या शुद्ध शाकाहारी घरातली मनी शेजारी बोंबील भाजायला घेतले की भिंतीवर येऊन बसते, ते काही चटक लागली म्हणून नव्हे.

हे सगळं मिटत आलं होतं, तेवढ्यात काकूंकडे सत्यनारायण आला.

तीर्थप्रसादाला सगळी इमारत, म्हणून बंड्याही आला. काकूंनी त्याच्यासाठी वेगळा द्रोण भरला होता. सूनबाई खाली बसल्या, द्रोण पुढ्यात घेतला आणि शिऱ्यातले बेदाणे नखानं एकेक टिपून कागदावर ठेवू लागल्या. तुपानं फुगलेले, टप्पोरे सांगलीचे बेदाणे. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रसादाला नाही म्हणू नये हे एक, पण प्रसाद निवडतात का कुणी?

सूनबाईंचं बरोबर होतं. द्राक्षं आणि बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात, याची पशुवैद्यकीय नियतकालिकात २००१ पासून नोंद आहे. पंचाईत अशी, की एखादा कुत्रा मूठभर खाऊन शेपूट हलवत फिरतो आणि दुसरा थोडक्यातच आडवा होतो. किती बेदाण्यांपर्यंत चालतं, असा आकडा डॉक्टर देतच नाहीत. बरीच वर्षं कारणही सापडत नव्हतं. २०२१ पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे काकूंची चिंचगुळाची आमटीही बाद. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा फोडणीचं वरणही बाद. एकूण चातुर्मास पाळणारं घर बंड्याला त्यातल्या त्यात सुरक्षित, असं सूनबाई म्हणाल्या. हे काकूंना आवडलं, कारण त्या चातुर्मास पाळतात.

बेदाण्यांचा प्रश्न मात्र गुरुजींपुढे गेला. पोथी आवरता आवरता त्यांनी सांगितलं, “प्रसादाला रवा, तूप, साखर, दूध आणि केळी, सगळं सव्वाच्या मापानं. बेदाणे आपल्या हौसेचे.” म्हणजे न घातले तरी सत्यनारायणाची हरकत नाही. काकूंनी लगेच पुढच्या पौर्णिमेपासून बेदाणे बंद केले. उरलेल्या सव्वा मापाच्या तुपाबद्दल सूनबाई काही बोलल्या नाहीत. एकदम इतकं तूप पोटात गेलं तर कुत्र्याचं स्वादुपिंड सुजतं, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं आहे, पण एका संध्याकाळी दोन गोष्टी काढून घ्यायच्या नसतात, एवढं त्या सासरी शिकल्या आहेत. त्यांनी बोटाच्या पेराएवढा शिरा बंड्याच्या जिभेवर ठेवला आणि द्रोण सासऱ्यांच्या हातात दिला.

कागदावरचे बेदाणे तसेच राहिले होते. टाकायचे कसे, प्रसाद तो. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजींनी कागद उचलला आणि सहज विचारलं, “आमच्या पोपटाला चालतील ना हे?” आजींचा पोपट पिंजऱ्यात आहे, गळ्याभोवती गुलाबी पट्टा असलेला, आपल्याकडचाच. असा पोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. बेदाणे चालतील का, हा त्यामुळे नंतरचा प्रश्न. सदरलेखकानं हे आजींना हळूच सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर लांबलचक होतं आणि त्यात सोसायटीच्या कमिटीतल्या काही जणांचे उल्लेख होते. ते पुढच्या आठवड्यात.