फिरता अक्ष आणि आवर्ती दशांश

संगणक हाताशी असता आकडेमोड कशाला शिकावी, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका माजी विद्यार्थ्याच्या पडवीत आम्हांस मिळाले.

संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या आपल्या लहानशा सीएनसी मिलिंग यंत्रास तो चौथा, फिरता अक्ष जोडीत होता. कातारी धरतो तसा दांडा या अक्षावर धरावयाचा आणि तो फिरत असता त्यावर मळसूत्री नक्षी कोरावयाची. त्याच्या स्टेपर मोटरीच्या एका फेऱ्याचे टप्पे २००. ड्रायव्हर प्रत्येक टप्प्याचे ८ भाग करी, आणि मोटरीच्या ६ फेऱ्यांत दांड्याचा १ फेरा होई. म्हणजे दांड्याच्या एका फेऱ्यास ९६०० सूक्ष्म टप्पे; एका अंशास २६.६६६… असा न संपणारा आकडा! त्याने यंत्रास २६.६७ सांगितले. फरक तो केवढासा! परंतु १०० फेऱ्यांनंतर दांडा साडेचार अंश पुढे गेला. ४० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर ही चूक दीड मिलिमीटरहून अधिक भरते. २६.६६६६६७ लिहिताच आरंभीची खूण पुन्हा जागेवर आली.

यंत्र चुकले नव्हते. सांगितले तेच त्याने इमानाने केले होते. किती दशांश सोडून द्यावेत, हे ठरविणे माणसाकडेच राहते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, शाळेत असे यंत्र आले तर त्याची जुळणी आयती करवून घेऊ नये. ती गणिताच्या तासाला, मुलामुलींच्याच हातून व्हावी.