छोट्या मोटारीचा कैवार

'मोटार घ्यावी तर मोठी घ्यावी, नाहीतर एस.टी.ने जावे' हे मत अलीकडे आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात इतके रूढ झाले आहे, की त्याविरुद्ध ब्र काढणारा मनुष्य एकतर कंजूष असला पाहिजे किंवा त्याचे कर्ज नामंजूर झालेले असले पाहिजे, असे लोक गृहीतच धरतात. आमचा पक्ष निराळा आहे. छोटी, अल्पशक्तीची मोटार ही दुसरी परवडत नाही म्हणून पत्करावयाची वस्तू नव्हे. मोटार हाकण्यात जो म्हणून आनंद आहे तो तिच्यातच अधिक सापडतो, आणि आमच्या रत्नागिरीसारख्या मुलखात तर तो मोठ्या मोटारीत सापडणे जवळजवळ अशक्य आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा असा, की शक्ती जितकी अधिक तितका आनंद अधिक. हा हिशेब वरवर बिनतोड दिसतो; पण तो मांडणारांनी शक्ती असणे आणि शक्ती वापरणे यांत गल्लत केली आहे. आज बाजारात मिरवणाऱ्या कित्येक मोठ्या मोटारी दीडशे ते दोनशे अश्वशक्तीच्या असून त्यांचे वजन पावणेदोन टनांच्या घरात जाते. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर या दोनशे घोड्यांपैकी किती घोडे जुंपता येतात? फार तर चाळीस. उरलेले एकशे साठ मालकाच्या खर्चाने दाणापाणी खात मागून नुसते चालत येतात. उलट 1983 च्या डिसेंबरात जी मारुती 800 विक्रीस आली, तिच्या 796 घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांत जेमतेम चाळीस अश्वशक्ती होती, आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते. तिच्या चालकास ती सारी शक्ती रोज कामास लावावी लागे. ज्याचा गळा तीन सप्तकांत फिरू शकतो पण जो जन्मभर एकाच स्वरात पुटपुटत राहतो अशा गवयापेक्षा, दीडच सप्तकाचा पण त्यातला प्रत्येक स्वर जीव ओतून लावणारा गवई आम्हांस तरी अधिक प्रिय आहे.

ज्यांस हे कवित्व वाटेल त्यांनी आंबा घाटाचा विचार करावा. हातखंबा, पाली, नाणीज करीत साखरपा मागे टाकले की कोल्हापूरचा रस्ता सह्याद्रीस भिडतो. आमच्याजवळ एक जुनी मारुती 800 आहे. तिच्यात चार माणसे आणि मागे हापूसच्या दोन पेट्या ठेवून हा घाट चढणे म्हणजे केवळ प्रवास नव्हे. तो एक व्यासंग आहे. वळण दिसण्यापूर्वीच त्याची तयारी करावी लागते. तिसरा गिअर कोठवर पुरेल आणि दुसरा कोठे घ्यावा, हे यंत्राचा आवाज सांगतो, आणि तो ऐकण्याची सवय कानास लागावी लागते. वळणात शिरल्यावर सुचलेले शहाणपण तेथे काडीचे उपयोगी नाही. उगाच ब्रेक दाबला तर वेग जातो, आणि गेलेला वेग परत मिळवावयास पुढचा सारा चढ खर्ची पडतो. म्हणून चालक ब्रेकचा नव्हे तर नजरेचा वापर करण्यास शिकतो. पुढे मालाने लादलेला ट्रक असला तर त्यास ओलांडण्याचा बेत दोन वळणे अगोदर आखावा लागतो, आणि बहुधा तो रद्द करून मुकाट्याने मागे राहावे लागते. (धैर्य शिकविणाऱ्या संस्था फार थोड्या उरल्या आहेत, ही त्यांपैकी एक.) घाटाच्या पायथ्याशी वातानुकूलन बंद केले, की गाडीतून एखादा लठ्ठ पाहुणा उतरल्यासारखा तिला हुरूप येतो, काचा खाली जातात, आणि करवंदीच्या जाळ्यांचा व ओल्या मातीचा वास आत येतो.

हाच घाट मोठ्या मोटारीतून कसा चढला जातो? गिअर यंत्र बदलते, जोर यंत्र ठरविते, चाक घसरू लागले तर तेही यंत्रच सावरते. काचा बंद असतात. चालक म्हणून जो बसलेला असतो तो वस्तुतः पुढच्या आसनावरचा एक उतारूच होय. माथ्यावर आल्यावर तो म्हणतो, 'घाट कधी संपला कळलेच नाही!' आणि ही त्यास त्या मोटारीची स्तुती वाटते.

वेगाविषयीही असाच भ्रम आहे. हलक्या, ठेंगण्या गाडीत ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगास जो थरार लाभतो तो उंच आणि निःशब्द गाडीत शंभर ओलांडल्याखेरीज लाभत नाही. आता वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची ऊर्जा चौपट होते, हे पदार्थविज्ञानाच्या पहिल्या पाठात आहे. तोच आनंद चौपट धोक्याने विकत घेण्यात कोणता शहाणपणा आहे, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे.

शिवाय कोकणातला रस्ता हा मुळात दोन गडग्यांमधली वाट आहे. जांभ्या चिऱ्यांच्या त्या बांधांमधून समोरून एस.टी. आली, म्हणजे कोणी मागे जावयाचे हा प्रश्न उभा राहतो. छोटी मोटार दोन चाके गवतात घालून एखाद्या आंब्याखाली अंग चोरून उभी राहते, एस.टी.चा चालक हात हलवून निघून जातो, आणि प्रकरण संपते. मोठ्या मोटारीचा मालक मात्र खाली उतरतो, आरसे मिटवितो, कोणास तरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणावयास लावतो आणि सरतेशेवटी रस्त्यासच नावे ठेवतो. शहरात राम आळीतही तीच कथा. मारुतिरायाने समुद्र लंघून जाताना विशाल रूप घेतले हे सर्वांस ठाऊक असते. परंतु लंकेच्या गल्ल्यांतून हिंडावयाचे होते तेव्हा त्याने सूक्ष्म रूप धारण केले, हा भाग आमचे लोक सोयीने विसरतात.

मग इतकी सोयीची वस्तू लोकांस नकोशी का झाली? याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही, आमच्या लाजेत आहे. आंबा घाट चढून कोल्हापूर ओलांडले की इचलकरंजी लागते. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत 'मीरा' नावाची चिमुकली मोटार स्वतःच्या बुद्धीने बनवून रस्त्यावर चालवून दाखविली. ती कधी बाजारात येऊ शकली नाही. पुढे 2008 च्या जानेवारीत टाटांची नॅनो दिल्लीच्या प्रदर्शनात अवतरली. मागच्या बाजूस 624 घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे यंत्र, बाहेरून खेळण्याएवढी, आणि आत उंच मनुष्य ताठ बसू शकेल अशी ती रचना होती. सिंगूरचा कारखाना साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, हे सर्व खरे. पण तिला खरे मारले ते 'लाखाची गाडी' या शब्दांनी. सर्वांत स्वस्त म्हणून ती विकली गेली हे चुकले, असे रतन टाटा यांनीच पुढे बोलून दाखविले. 2018 साली तिचे उत्पादन थांबले. स्वस्त डाळ आणल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या घरांनी स्वस्त मोटार दारात उभी करण्यास मात्र संकोच केला.

हा संकोच म्हणजे दारिद्र्याची आठवण होय, असे कोणी म्हणतील. पण जपान काही दरिद्री राष्ट्र नव्हे. तेथे छोट्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग 1949 पासून कायद्याने मानला गेला, आणि 1990 पासून त्यांच्या यंत्रास 660 घनसेंटिमीटरची मर्यादा आहे. आमची मारुती 800 त्याच कुळातून आली. इंग्लंडात सुएझच्या पेचामुळे 1956 साली पेट्रोलची टंचाई पडली आणि तिच्यातून अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी 1959 साली जन्मास आली. त्याच मिनीची एक जरा तेज आवृत्ती 1964 साली माँटे कार्लोच्या प्रसिद्ध शर्यतीत, बर्फाच्या घाटरस्त्यांवर, भल्या दांडग्या मोटारींस मागे टाकून पहिली आली. श्रीमंतांनीही ती हौसेने घेतली. कोणास तिची लाज वाटल्याचे ऐकिवात नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडील काही लोकप्रिय छोट्या मोटारींची धडक-परीक्षा घेतली, तीत नॅनो आणि अल्टो 800 यांस एकही तारा मिळाला नाही. परंतु हा दोष आकाराचा नव्हता. पत्रा, सांगाडा आणि हवेच्या पिशव्या यांत केलेल्या काटकसरीचा होता. टाटांच्याच टियागोने 2020 साली प्रौढ प्रवाशांसाठी चार तारे मिळविले. तीही चार मीटरांच्या आतलीच. तेव्हा मागणी करावयाची ती मजबूत छोट्या मोटारीची करावी. आणि सुरक्षितता कोणाची, हेही विचारले पाहिजे. आमच्या गावरस्त्यांस पदपथ नसतात; शाळा सुटली म्हणजे पोरे रस्त्याच्या कडेनेच घरी जातात. छातीएवढ्या उंच तोंडाच्या दोन टनी गाडीसमोर आलेले आठ वर्षांचे पोर चालकास दिसतच नाही. आतल्यांच्या सुरक्षिततेचा खर्च बाहेरच्यांनी सोसावा, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

'सहा माणसे कशी बसणार?' हा दुसरा प्रश्न. वर्षातून दोनदा, गणपतीस आणि शिमग्यास. उरलेले दिवस त्या गाडीतून एकच मनुष्य भाजी आणावयास जातो.

आणि मोठी मोटार एकटी येत नाही, ती आपल्या मापाचा रस्ता मागते. मुंबई-गोवा महामार्ग रुंद व्हावा, त्यावरून मालाचे ट्रक व एस.टी. सुखाने जाव्यात, याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. त्याच्या चौपदरीकरणास एका तपाहून अधिक काळ लागला आणि त्यापायी कडेचे जुने वृक्ष गेले, हे दुःख आम्ही गिळले. पण आता वाडीवाडीतून 'गाडी आत येत नाही' म्हणून गडगे पाडण्याची व कलमे तोडण्याची भाषा ऐकू येऊ लागली आहे. गाडी आत येत नसेल तर वाट अरुंद आहे असेच का समजावे? गाडी रुंद आहे, असे समजावयास काय हरकत आहे? आजोबांनी लावलेले झाड नातवाच्या मोटारीच्या आरशासाठी तोडावयाचे, आणि त्यास प्रगती म्हणावयाचे!

22 सप्टेंबर 2025 पासून सरकारने छोट्या मोटारींवरील कर 18 टक्क्यांवर आणला आणि मोठ्यांवर 40 टक्के ठेवला. हे ठीकच झाले. पण देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून अधिक वाटा धिप्पाड वर्गाचा झाला, तो काही केवळ कराच्या दराने झालेला नव्हता. ज्यांस आमचे म्हणणे अद्यापही हट्टाचे वाटत असेल, त्यांनी पावसाळा सुरू झाल्यावर एखाद्या रविवारी कोणाची तरी छोटी मोटार मागून घ्यावी आणि आरे-वारेच्या रस्त्याने, डावीकडे खवळलेला समुद्र ठेवून, गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन यावे. चढावर वातानुकूलन मात्र बंद ठेवावे लागेल.