पिठाचा कोंबडा आणि आपले ‘जैन मीटबॉल’



आज जरा कडक लिहिणार आहे. गेले काही महिने आपल्या माळशिरस, नातेपुते, अकलूजच्या बायकांच्या ग्रुपवर एक पदार्थ सारखा फिरतो आहे. ‘जैन मीटबॉल इन ग्रेव्ही विथ मॅश’. सोयाचे किंवा डाळीचे गोळे, त्यावर तपकिरी दाट रस्सा आणि बाजूला बटाट्याऐवजी उकडलेल्या कच्च्या केळ्याचा लगदा. फोटो छान येतो, मुले आवडीने खातात. खाली ‘नो ओनियन, नो गार्लिक, नो पोटॅटो’ लिहिले की झाले, पदार्थ जैन झाला! मला विचाराल तर तो झालेला नाही. खोट केळ्यात नाही, डाळीतही नाही. खोट नावात आहे.

“नावात काय आहे काकू, आत तर डाळच आहे ना?” असे मला तिघीचौघींनी ऐकवले. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. तेरापंथी पद्धतीने पूजा करणाऱ्या घरांत पुष्प म्हणून काय वाहतात? केशरात रंगवलेले तांदूळ. दीप म्हणून काय चढवतात? खोबऱ्याचा रंगवलेला तुकडा. (बीसपंथी घरांत खरी फुले चालतात, तो वाद आज नको.) झाडावरचे फूल तोडलेले नसते, वात पेटवलेली नसते, तरी आपण म्हणतो फूल वाहिले, दीप चढवला. नाव तसे घेतलेले असते आणि भाव तसा असतो म्हणून. थाळीतल्या तांदळाचे भावाने फूल होते हे तुम्हाला मान्य आहे ना? मग ताटातल्या डाळीला मांसाचे नाव दिल्यावर तिचे काय होते? मंदिरात भाव खरा आणि स्वयंपाकघरात भाव म्हणजे नुसती गंमत, असे दोन हिशेब कसे ठेवता येतील?

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच धसास लावला आहे. यशोधराची कथा तुम्ही प्रवचनात ऐकली असेल. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ लिहिले ते त्याच कथेवर. कन्नडमध्ये जन्न कवीने १२०९ साली ‘यशोधरचरिते’ लिहिले आणि त्यावरूनच अलीकडे गिरीश कर्नाडांनी ‘हिट्टिन हुंज’ हे नाटक केले. हिट्टिन हुंज म्हणजे पिठाचा कोंबडा. ‘यशस्तिलका’वरचा कृष्णकांत हंडिकींचा मोठा इंग्रजी ग्रंथ तर आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४९ साली छापला. म्हणजे ही काही लांबची गोष्ट नव्हे, आपल्या जिल्ह्यातल्या कपाटात ठेवलेली आहे.

उज्जयिनीचा राजा यशोधर राज्य सोडून दीक्षा घ्यायला निघतो आणि आईला एक वाईट स्वप्न पडल्याचे सांगतो. आई चंद्रमती घाबरते. म्हणते, देवीला पशूंचा बळी दे, अरिष्ट टळेल. राजा नाही म्हणतो, जीव मारणार नाही म्हणतो. मग आई मधला मार्ग काढते: खरा जीव नको, पिठाचा कोंबडा करू, त्याचा बळी देऊ. राजा आईच्या शब्दासाठी तयार होतो. कोंबडा पिठाचाच असतो, रक्ताचा थेंब सांडत नाही. पुढे राणीच्या हातून विषप्रयोग होऊन मायलेक मरतात आणि त्या एका संकल्पापायी मोर, कुत्रा, मासा, बकरा असे जन्म घेत फिरतात. शेवटी तर खरोखरचे कोंबडे होतात.

या कथेत मला दरवेळी राजापेक्षा आईच जास्त दिसते. चंद्रमती दुष्ट नव्हती. मुलाच्या काळजीने घरातल्या मोठ्या बाईने सुचवलेली ती तडजोड होती. “पीठच तर आहे” हेच तिचे म्हणणे. आपण आज “डाळच तर आहे” म्हणतो.

आता कोणी म्हणेल, काकू, गोळे तळले म्हणून आम्हीही मोर आणि कुत्रा होणार का? तसे मी म्हणत नाही. यशोधराने बळीचा संकल्प केला होता, तुम्ही फक्त रील पाहिली. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवली, भाजी चिरली की आरंभी हिंसा होतेच. ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही म्हणून पाणी गाळून, धान्य निवडून, जपून स्वयंपाक करायचा. संकल्पी मात्र श्रावकाने सोडायचीच असते. आपला सगळा पहारा आरंभावर. कांदा गेला का, बटाटा गेला का, हे डोळ्यात तेल घालून बघतो. मनात काय शिजते आहे तिकडे कोणाचे लक्ष नाही.

आणि ते शिजते बरे! माझ्या नणंदेच्या घरी हाच पदार्थ केला होता. आठ वर्षांच्या नातवाने दोनदा मागून घेतला, बोटे चाटली आणि विचारले, “आजी, हा जैनवाला आहे ना? मग खरावाला कसा लागतो?” टेबलावर कोणी बोलेना. शेवटी त्याच्या वडिलांनी मोबाईल काढून दिला आणि विषय मिटवला. मैत्रिणींनो, त्या पोराचे काही चुकले नाही. आपणच त्याच्या पुढ्यात नक्कल ठेवली, तर तो असलाची चौकशी करणारच. दुधीची भाजी खाऊन कोणत्या मुलाने विचारले आहे की खरी कशी लागते? उद्या तो पुण्याला शिकायला जाईल, मेसमध्ये जेवेल. शेजारच्या ताटातली वस्तू त्याला परकी वाटायला हवी होती. आपण तिची ओळख, नाव आणि चव घरीच करून दिली.

“मग कोफ्ता कसा चालतो?” हा प्रश्न एका शिकलेल्या सुनेने मला विचारला. प्रश्न चांगला आहे. कोफ्ता हा फारसी शब्द, कुटण्यावरून आलेला, आणि मुळात तो कुटलेल्या मांसाचाच गोळा. पण आज दुधीचा कोफ्ता खाताना आपल्यापैकी कोणाच्या मनात मांस येते? शब्द झिजून गेला, त्यातला मूळ अर्थ आपल्यापुरता मेला. मीटबॉलचे तसे नाही. त्यात ‘मीट’ उघड बोलते आहे आणि तीच त्याची जाहिरात आहे. शब्दाला किंमत नाही असे कोणी म्हणू नये. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली सोया-बदामाच्या पेयांवरून ‘मिल्क’ हा शब्द काढायला लावला. दुधाच्या नावाची सरकारला काळजी आणि आपल्या ताटाच्या नावाची आपल्याला नाही?

एक गोष्ट मात्र मान्य करते. जे लोक मांस खात आले आणि आता सोडू पाहतात, त्यांना या नकलेचा आधार होतो. स्वीडनच्या आयकिया कंपनीचे मीटबॉल जगभर खपतात. तिने २०२० साली वाटाण्याची प्रथिने, ओट्स, बटाटा, कांदा आणि सफरचंद वापरून ‘प्लँट बॉल’ काढला. अमेरिकेत ‘इम्पॉसिबल’ नावाच्या बर्गरमध्ये हीम नावाचा घटक घालतात, मांसाला रक्ताचा रंग आणि चव येते ती त्याच्यामुळेच. खाणाऱ्याने प्राणी सोडावा म्हणून हा खटाटोप आहे आणि एक जरी जीव वाचला तरी मी त्याचे अनुमोदन करते. पण जिना एकच असला तरी ते वरून खाली उतरताहेत की खालून वर चढताहेत ते बघा. ते मांसाकडून डाळीकडे निघालेत. आपण पिढ्यान्‌पिढ्या डाळीपाशी बसलेलो, आपल्याला त्या जिन्यावर काय काम?

आता ‘जैन’ या शिक्क्याबद्दल थोडे, कारण राग तिथेही आहे. ग्रुपवरच्या त्या कृतीत गोळे बांधायला बाजारचा ब्रेडचा चुरा होता. घरच्या पिठाला आपण पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा पाळतो आणि हा चुरा कधीचा ते पाकिटालाच माहीत! रश्श्यात क्रीम नव्हते म्हणून घट्ट दही घातले होते. खाली डाळीचे गोळे, वर कच्चे दही. द्विदल! साठ जणींनी अंगठे दिले, एकीच्याही लक्षात आले नाही. वरून ‘फॅमिली डिनर’, म्हणजे रात्री साडेआठ. बटाटा तेवढा गेला. बिचारा बटाटा, पोर्तुगीजांबरोबर आला, समंतभद्रांच्या रत्नकरंडात त्याचे नावही नाही. तिथे मुळा आणि ओले आले आहे, आणि तत्त्व आहे की फळ थोडे नि घात फार असे खाऊ नये. त्या तत्त्वाने आपण बटाटाही सोडला, बरेच केले. पण तत्त्व विसरून नुसती यादी पाठ केली की असे होते.

रश्श्यातले गोळे मुलांना हवेत तर आपल्याकडे गोळ्याची आमटी आहेच. माझ्या सासूबाई दहिगावच्या यात्रेहून आले की हमखास करत. कृती देते.

वाटीभर हरभरा डाळ चार तास भिजवा, निथळून पाणी न घालता जाडसर वाटा. हिरवी मिरची, जिरे, हिंग, हळद, चिमूटभर सुंठ, मीठ. चातुर्मासात पालेभाजी सोडली असेल तर कोथिंबीर घालू नका. रश्श्याला दोन टोमॅटो, भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि मूठभर शेंगदाण्याचे कूट एकत्र वाटून तेलात परता. काळे तिखट घरचेच घ्या, विकतच्यात बहुतेक कांदा-लसूण असते. गरम पाणी, गुळाचा खडा, चिंच. खळखळून उकळी आली की आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर उरलेल्या डाळीत चमचाभर ताजे बेसन मिसळा. सगळे गोळे सोडल्यावर पाच मिनिटे पळी अजिबात घालायची नाही, गोळे आपोआप वर येतात.

केळी सालीसकट दोन शिट्ट्या उकडून गरम असतानाच कुस्करा, गार झाली की गुठळ्या राहतात. वरून तुपात जिरे-मिरचीची फोडणी आणि लिंबू. याला आमच्याकडे केळ्याचे भरीत म्हणतात. दही यातही नको, शेजारी डाळ आहे. ज्वारीची भाकरी करा आणि सूर्य असेपर्यंत पाने मांडा. उशिरा येणाऱ्यांना दुपारीच फोन करून सांगायचे, जेवण साडेसहाला आहे.